चिंतामणीचा चितामणी होऊ नये म्हणून: कोरलच्या सपाट फाइलपासून थ्रीडी मॉडेलपर्यंत

मागच्या दिवाळीच्या आधी ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीतले काका माझ्याकडे नौपाड्यात आले, हातात पेनड्राइव्ह, त्यात कुणा प्रेसवाल्याने करून दिलेली कोरलची फाइल, आणि म्हणाले हे आमच्या घराचं नाव, "चिंतामणी", हे असं उठावदार करून द्या, दारावर लावायचंय, मागे पाटीबिटी नको, नुसती अक्षरं. मी म्हटलं दोन दिवस द्या. सहा दिवस लागले, आणि सातव्या दिवशी काकांचा फोन. "अहो, चिंतामणीचा चितामणी केलात की!"

झालं असं होतं की 'चिं'वरचं टिंब बाकीच्या अक्षराला कुठेच चिकटलेलं नव्हतं, वेगळी चकती म्हणून प्रिंट झालं होतं, आणि पाकिटातून कुठेतरी घरंगळलं. दिवाळीच्या तोंडावर दारावर चिता. काकू किती बोलल्या ते इथे लिहीत नाही.

तर त्या सहा दिवसांत आणि त्यानंतर जे जे शिकलो ते सगळं एका ठिकाणी लिहितोय. नेमप्लेट असो, दुकानाचा लोगो असो, कीचेन असो की केकवरचा टॉपर, रस्ता एकच आहे. मी कोरलड्रॉ (म्हणजेच कोरल) आणि इंकस्केप ही सपाट चित्रं काढायची, आणि ब्लेंडर हे थ्रीडीचं, अशी तीन सॉफ्टवेअरं वापरतो, त्यातली शेवटची दोन फुकट आहेत. बाकी सॉफ्टवेअरबद्दल शेवटाकडे थोडं सांगतो.

थ्रीडी सॉफ्टवेअरला तुमच्या फाइलमध्ये काय दिसतं

कोरलमध्ये आपण जे बघतो ते रंगवलेलं चित्र असतं. थ्रीडीवाल्याला रंगाशी घेणंदेणं नाही, त्याला फक्त हद्द हवी असते, म्हणजे बंद रेघ, जिच्या आत माल आणि बाहेर हवा. त्यामुळे जाड आउटलाइन दिलेली रेघ त्याच्यासाठी जाड नाही, जाडी हा फक्त दिखावा आहे, खरी तिथे एक बारीक रेषाच आहे. टाइप केलेला मजकूर त्याच्यासाठी आकार नाही, तो फॉन्टचा निरोप आहे. आणि पांढऱ्या रंगाचा गोल वर ठेवून 'भोक' दाखवलंय ते भोक नाही, तो अजून एक तुकडा आहे, थ्रीडीत तोही तुमच्यासमोर उभा राहणार.

माझं ठाम मत आहे की थ्रीडीत जे फाटतं ते टूडीतच उसवलेलं असतं, म्हणून वेळ इकडे घाला. ब्लेंडरमध्ये बसून जाळी शिवत बसण्यापेक्षा कोरलमध्ये दहा मिनिटं जास्त गेलेली परवडतात.

फाइल हातात आल्यावर

गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर फोटो पाठवणार हे धरून चाला. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून बारीक करतं, तेव्हा सांगा की डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि जमलं तर मूळ सीडीआर (कोरलची), एआय (इलस्ट्रेटर या कोरलसारख्याच सॉफ्टवेअरची) किंवा पीडीएफ मागा. पीडीएफ कोरल किंवा इंकस्केपमध्ये उघडून बघा, कितीतरी वेळा आत अख्खं व्हेक्टर, म्हणजे रेघांनी बनलेलं चित्र, जसंच्या तसं सापडतं आणि ट्रेसिंगची, म्हणजे फोटोवरून रेघा काढायची, कटकट वाचते. नुसता जेपीजीच असेल तर कोरलचं पॉवरट्रेस किंवा इंकस्केपचं ट्रेस बिटमॅप आहेच, पण त्याने नोड, म्हणजे रेघेवरचे बिंदू, भरमसाट येतात. एका मंडळाचा गणपती ट्रेस केला होता मी, नुसत्या सोंडेवर नोडांची मुंग्यांसारखी रांग, आणि थ्रीडीत ती सोंड खवल्याखवल्याची दिसायला लागली. सरळ फॉन्ट ओळखता येत असेल तर ट्रेस करूच नका, पुन्हा टाइप करा.

मराठीत अजून एक भानगड असते ती जुन्या फॉन्टांची. प्रेसवाल्यांकडे अजून श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधल्या फाइली असतात, तो फॉन्ट तुमच्याकडे नसला की नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. प्रेसवाल्यालाच सांगा की कर्व्ह करून, म्हणजे मजकुराचे आकार करून, पाठव. आणि पुन्हा टाइप करायची वेळ आली तर मुक्ता, बलू असे मोकळे युनिकोड फॉन्ट आहेत, दोन्ही मुंबईच्या एक टाइपचे, किंवा तिरो देवनागरी मराठी, ज्यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात. हिंदी वळणाचा ल दारावर लागला तर सगळ्यांच्या नाही लक्षात येत, पण ज्यांच्या येतो ते दर वेळी बेल वाजवताना बोलतात.

उठावासाठी फॉन्ट जरा गुटगुटीत घ्या. बलू त्यासाठी बेस्ट आहे. निमुळत्या टोकांचे कॅलिग्राफीचे फॉन्ट कागदावर सुंदर दिसतात, थ्रीडी प्रिंटरला ती टोकं काढताच येत नाहीत.

शिरोरेघ, म्हणजे सगळ्या भांडणाचं मूळ

हा भाग नीट वाचा, इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये हा मिळत नाही कारण त्यांच्या छापील अक्षरांना ही अडचणच सहसा येत नाही. आपली अक्षरं फॉन्टमध्ये सुटी सुटी असतात आणि प्रत्येकाची शिरोरेघ शेजारच्याच्या शिरोरेघेवर थोडीशी चढलेली असते, म्हणून तर ती सलग दिसते. म्हणजे 'ता' आणि 'म' यांच्या मध्ये एक छोटासा चौकोन असा आहे जिथे दोन आकार एकावर एक आहेत. वेलांटीचंही तेच, ती जिथे शिरोरेघेला भिडते तिथे डबल माल.

आता मजकूर सिलेक्ट करून कंट्रोल क्यू केलं की कर्व्ह होतं, इथपर्यंत ठीक. पण बरेच जण मग सगळं एक करायला कंट्रोल एल म्हणजे कंबाइन मारतात. कंबाइन म्हणजे जोडणं नव्हे हो. कंबाइनमध्ये जिथे दोन आकार एकावर एक येतात तिथे भोक पडतं, आणि मग शिरोरेघ प्रत्येक सांध्यावर उंदराने कुरतडल्यासारखी दिसते. आपल्याला हवंय वेल्ड, त्यात दोघांची मिळून एकच बाहेरची हद्द उरते.

फाइल आधीच कुणीतरी कंबाइन करून ठेवली असेल तर कोरलमध्ये असं करा: कंट्रोल के मारून सगळं सुटं करा, म आणि ण यांच्या पोटातले, वेलांटीखालचे असे जे आतले तुकडे आहेत ते ओळखून बाजूला दुसऱ्या रंगाचे करा, पण जागेवरून हलवू नका, मग बाहेरचे सगळे आकार सिलेक्ट करून वेल्ड, आणि नंतर त्या आतल्या तुकड्यांनी ट्रिम, म्हणजे तेवढी भोकं कापली जातात. हे किचकट वाटतं पण 'चिंतामणी'ला पाच मिनिटं लागली.

खरं सांगायचं तर एवढ्यासाठी मी इंकस्केपमध्ये जातो. तिथे मजकूर सिलेक्ट करून शिफ्ट कंट्रोल सी, म्हणजे ऑब्जेक्ट टू पाथ, आणि मग कंट्रोल आणि प्लसचं बटण, म्हणजे युनियन, बास. भोकं पडलेलीच फाइल असेल तर फिल अँड स्ट्रोकच्या फिल टॅबमध्ये उजव्या कोपऱ्यात दोन छोटे आयकॉन असतात, फिल रूलचे, त्यातला दुसरा दाबून बघा, कुरतडलेली शिरोरेघ भरून निघते का आणि म, ण यांची पोटं उघडी राहतात का. राहिली तर लगेच युनियन.

आउटलाइन असलेल्या रेघा, म्हणजे नावाभोवतीची वेलबुट्टी वगैरे, त्यांना कोरलमध्ये कंट्रोल शिफ्ट क्यू करा, इंकस्केपमध्ये स्ट्रोक टू पाथ, आणि मग तेही वेल्ड.

झाल्यावर खात्री कशी करायची? वायरफ्रेम. कोरलमध्ये व्ह्यू मेनूत आहे, इंकस्केपमध्ये कंट्रोल फाइव्ह दाबत राहा, आउटलाइन मोड येतो. तिथे शिरोरेघेच्या आत एकही आडवी-उभी रेघ दिसता कामा नये. दिसली म्हणजे तिथे अजून दोन अक्षरं एकमेकांना न विचारता राहतायत. ह्याच मोडमध्ये झूम करून एकावर एक पडलेल्या डुप्लिकेट रेघाही शोधा, कॉपी-पेस्ट करताना चुकून दोनदा पेस्ट झालेलं नाव डोळ्यांना एकच दिसतं. एक ओढून बाजूला घ्या, खाली अजून एक निघालं तर समजा.

नोड कमी करायचे असतील तर कोरलमध्ये एफ टेन घेऊन सगळे नोड सिलेक्ट करा आणि रिड्यूस नोड्सचा स्लायडर हळूहळू ओढा, नजर गोलाव्यांवर ठेवून.

माप: इथे माझे पैसे गेलेत

दुकानांच्या मराठी पाट्यांचा नियम २०२२ मध्ये कडक झाला आणि मग सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा पाट्यांची कामं करणारे सगळेच धावत होते, त्यात मीही. एका दुकानाच्या नावाची उठावाची अक्षरं करायची होती, नाव २४० मिमी लांब, बोर्डावर स्क्रूची भोकं आधीच मारून तयार. फाइल इलस्ट्रेटरमधून आलेली एसव्हीजी, म्हणजे व्हेक्टर चित्राची फाइल. मी ती तशीच घेतली, उठवली, प्रिंट केली, आणि नाव भरलं १८० मिमी. भोकं एकीकडे, अक्षरं भलतीकडे. चूक माझीच, मोजलं नव्हतं.

कारण साधं आहे. इलस्ट्रेटर एसव्हीजी काढताना एका इंचात ७२ एकक धरतो, इंकस्केप आणि बरीच इतर सॉफ्टवेअरं ९६ धरतात, जुनं इंकस्केप तर ०.९२ च्या आधी ९० धरायचं. ७२ भागिले ९६ म्हणजे ०.७५, आणि २४० चे पाऊण म्हणजे १८०. फाइलमध्ये मिमी असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर समोरचा आपल्या मनाने अर्थ लावतो.

तेव्हापासून मी एक करतो. प्रत्येक फाइलमध्ये नावाच्या खाली १०० मिमी बाय १० मिमीची एक पट्टी काढतो, भरीव आयत, बाकी काही नाही. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की आधी पट्टी मोजायची. १०० आली तर पुढे, ७५ आली तर सगळं १.३३३३ ने मोठं करायचं, आणि मग पट्टी डिलीट. इंकस्केपमध्ये डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये युनिट मिमी ठेवा, स्केल १ ठेवा, आणि सेव्ह करताना प्लेन एसव्हीजी निवडा.

ब्लेंडरमध्ये

फाइल, इम्पोर्ट, स्केलेबल व्हेक्टर ग्राफिक्स. त्या यादीत एसव्हीजी ॲज ग्रीस पेन्सिल असाही पर्याय दिसतो, तो नाही, तो निवडला तर चित्र येतं पण उठत नाही आणि अर्धा तास जातो.

इम्पोर्ट केल्यावर काहीच दिसत नाही असं वाटेल. आलंय, पण बारीक आहे, कारण ब्लेंडर मीटरमध्ये विचार करतो आणि तुमचं २४० मिमीचं नाव त्याच्यासाठी ०.२४ मीटर. उजवीकडच्या यादीत, आउटलायनरमध्ये, नवीन कलेक्शन आलेलं असेल, त्यातलं सगळं सिलेक्ट करा, कंट्रोल जे करून एक करा, नमपॅडचं टिंब दाबा म्हणजे कॅमेरा तिथे जातो. आता एस, १०००, एंटर. मग कंट्रोल ए, स्केल. आता ब्लेंडरमधला एक मीटर म्हणजे आपला एक मिमी, हे डोक्यात पक्कं करा आणि मीटर शब्दाकडे दुर्लक्ष करा. लांबून बघताना मॉडेल कापल्यासारखं दिसायला लागलं तर एन दाबून व्ह्यू टॅबमध्ये क्लिप एंडचा आकडा १०००० करा. तिथेच आयटम टॅबमध्ये डायमेन्शन दिसतं, त्यावर सगळ्यात लांब बाजू तपासा. फक्त पट्टी मोजायची तर एक करायच्या आधी तिला वेगळी सिलेक्ट करून मोजा (तेव्हा १०० मिमी म्हणजे ०.१ मीटर दिसेल) आणि उडवा.

हजारपट करण्यामागे अजून एक कारण आहे, ते पुढे येतं.

आता खाली उजवीकडे हिरव्या कर्व्हच्या आयकॉनवर जा, जॉमेट्री, एक्स्ट्रूड. ४ मिमी जाडी हवी तर २ टाका, ४ नाही. एक्स्ट्रूड वर आणि खाली दोन्हीकडे होतं, म्हणून निम्मं. मी पहिल्यांदा ४ टाकून ८ मिमीची अक्षरं प्रिंटला लावली होती, रात्रभर चाललं आणि फिलामेंट, म्हणजे प्रिंटरचा प्लास्टिकचा धागा, दुप्पट गेलं. कडा थोड्या मऊ हव्या असतील तर बेव्हलमध्ये डेप्थ ०.३ च्या आसपास, पण हे लक्षात ठेवा की बेव्हलने अक्षर बाहेरच्या बाजूलाही फुगतं आणि एकूण जाडीही वाढते, त्यामुळे ण चं पोट आणि म ची गाठ बुजत नाहीत ना ते बघा.

म ची गाठ किंवा ण चं पोट इथे भरीव दिसलं तर ब्लेंडरमध्ये झगडू नका, परत व्हेक्टरकडे जा, तिथे काहीतरी राहिलंय.

सगळं पटलं की आधी कर्व्हची एक कॉपी लपवून ठेवा, मग ऑब्जेक्ट, कन्व्हर्ट, मेश, म्हणजे जाळी. आता टॅब दाबून एडिट मोड, ए दाबून सगळं सिलेक्ट, एम, मर्ज बाय डिस्टन्स. हे टाळायचं नाही. कर्व्हपासून मेश होताना वरचं झाकण, बाजूची भिंत आणि खालचं झाकण एकमेकांना टेकलेले असतात पण शिवलेले नसतात, दिसायला डबा, प्रत्यक्षात सुटे पत्रे. मर्ज केल्यावर वर लिहून येतं किती पॉइंट काढले. इथलं अंतर मुळात ०.०००१ मीटर असतं. हजारपट केलं नसतं तर ते ०.१ मिमी झालं असतं आणि बारीक गोलाव्यांचे पॉइंट एकमेकांत गेले असते. आता ते नगण्य आहे, म्हणून बिनधास्त दाबा.

मग सिलेक्ट काही नसताना सिलेक्ट मेनूतून ऑल बाय ट्रेट, नॉन मॅनिफोल्ड. काहीच उजळलं नाही तर मॉडेल पाणी न गळणारं आहे. कुठेतरी कडा उजळली तर नव्वद टक्के वेळा ती शिरोरेघेवरच असते, अनुभवाने सांगतो. शेवटी ए आणि शिफ्ट एन, म्हणजे सगळे पृष्ठभाग बाहेर तोंड करतात.

टिंबाचं काय केलं

मागे पाटी असेल तर टिंब, नुक्ता, चंद्रकोर सगळं पाटीवर बसतं, प्रश्न नाही. पाटी नसेल तर नावातले सुटे तुकडे मोजा. 'चिंतामणी'त दोन तुकडे होते, सगळं नाव एक आणि टिंब दुसरं.

दुसऱ्या वेळी मी व्हेक्टरमध्येच टिंबाच्या मध्यापासून वेलांटीच्या आतपर्यंत ३ मिमी रुंदीची एक पट्टी वेगळा आकार म्हणून काढली. ती वेगळी इम्पोर्ट केली, फक्त १ मिमी जाडीची उठवली आणि अक्षरांच्या मागच्या बाजूशी लेव्हल करून ठेवली, दोन्ही टोकं अक्षरांच्या आत घुसलेली. मग बूलियन मॉडिफायर (दोन आकार एक करायचं अवजार), युनियन, सॉल्व्हर एक्झॅक्ट. टेकवून ठेवू नका, घुसवाच, नुसतं टेकलेलं बूलियनला कळत नाही. काकांचं दार सागवानी गडद, अक्षरं पितळी रंगाची, तो पट्टीचा पूल काळ्या मार्करने रंगवला, समोर उभं राहून सांगितल्याशिवाय दिसत नाही. टिंब अजून जागेवर आहे.

बाकी बारीक जागांचं गणित असं: प्रिंटरचा नोझल साधारण ०.४ मिमीचा असतो, म्हणून कुठलीही रेघ ०.८ मिमीपेक्षा बारीक नको, आणि दोन रेघांमधली फट अर्ध्या मिमीच्या खाली गेली की ती भरून गेलीच समजा. नाव प्रिंटरच्या बेडपेक्षा लांब असेल तर कापायचं दोन अक्षरांच्या मधल्या मोकळ्या जागेत, म्हणजे सांधा फक्त शिरोरेघेवर येतो आणि चिकटवायला सोपा जातो, अक्षराच्या पोटातून कापलेलं कधीच नीट बसत नाही.

ब्लेंडर नको असेल तर

एकदाच काहीतरी करायचंय, शिकायचं नाहीये, तर टिंकरकॅड, ब्राउझरमध्ये चालतं, एसव्हीजी टाका, उंची लिहा, एसटीएल, म्हणजे प्रिंटसाठीची थ्रीडी फाइल, काढा. आजकाल प्रुसास्लायसरसारखे स्लायसरही (मॉडेलचे थर पाडून प्रिंटरला देणारी सॉफ्टवेअरं) एसव्हीजी थेट घेतात. वेल्ड मात्र तिथेही लागतंच.

वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपला काम द्यायचं असेल तर आधी फोन करून विचारा काय हवंय. ॲक्रिलिक लेझर कटिंगवाल्याला थ्रीडी नकोच, तो वेल्ड केलेली सीडीआर किंवा डीएक्सएफ मागेल. मोल्ड किंवा मशिनिंगवाला स्टेप फाइल (त्रिकोणांऐवजी खरे पृष्ठभाग असलेलं मॉडेल) मागतो, आणि तेव्हा ब्लेंडरचा एसटीएल स्टेपमध्ये बदलून देऊ नका, हजारो त्रिकोणांचा गठ्ठा होतो आणि तो माणूस तुम्हाला परत फोन करतो. त्यासाठी मूळ एसव्हीजी फ्रीकॅड किंवा फ्यूजन या इंजिनीअरिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या. फ्रीकॅड विचारतं कसं उघडू, तेव्हा जॉमेट्रीवाला पर्याय, मग पार्ट वर्कबेंचमध्ये एक्स्ट्रूड आणि क्रिएट सॉलिडची टिक. फ्यूजनमध्ये इन्सर्ट एसव्हीजी केल्यावर बंद आकार फिकट निळा भरलेला दिसतो, निळा नाही झाला म्हणजे रेघ कुठेतरी उघडी आहे. नोड जास्त असले तर फ्यूजन अक्षरशः रडतं, म्हणून आधी कमी करून या.

बाहेर काढताना

एसटीएलमध्ये एकक नसतं आणि रंग नसतो, नुसते त्रिकोण. स्लायसर आकडा मिमी धरतो, आणि आपण हजारपट केलेलंच आहे, त्यामुळे एक्स्पोर्टमध्ये स्केल १ ठेवा आणि स्लायसरमध्ये २४० दिसतंय ना बघा. ०.२४ दिसलं तर हजारपट करायचं राहिलं. स्लायसर घेत असेल तर थ्रीएमएफ बरं, त्यात एककही जातं आणि रंगही.

पाटीसकट दोन रंगांत करायचं असेल आणि प्रिंटर एकाच रंगाचा असेल तर हिशोब सोपा आहे, ३ मिमी पाटी, ०.२ चा लेयर, म्हणजे १५ लेयर पाटीचे, सोळाव्याला रंग बदला. पाटी आणि अक्षर एकमेकांत ०.२ घुसलेले ठेवा.

आणि दार पश्चिमेला उघडत असेल, गॅलरीतून दुपारचं ऊन येत असेल तर पीएलए प्लास्टिक नको, ते साठ डिग्रीच्या आसपास मऊ पडतं, आणि एप्रिलमधल्या उन्हात तापलेल्या लोखंडी दारावर गडद रंगाचं अक्षर तिथे पोचू शकतं. पीईटीजी घ्या, स्लायसरमध्ये मटेरियल बदललं की झालं, फाइल तीच.

फायली मात्र तीन वेगळ्या ठेवा: टाइप केलेला मजकूर जिवंत असलेली मूळ, वेल्ड केलेली एसव्हीजी, आणि ब्लेंडरची. मी फक्त शेवटच्या दोन ठेवल्या होत्या. फेब्रुवारीत काका परत आले, मुलाचं लग्न झालंय, खाली छोट्या अक्षरांत सूनबाईंचं नाव हवंय, फॉन्ट तोच पाहिजे. आणि मला आठवेना फॉन्ट कुठला होता.